नाव एका धडाची की दोन?

समजा तुम्हाला एकच नाव बांधून घ्यायची आहे. तिच्यावर चार माणसांनी महिनोन् महिने राहायचे आणि तिच्यातूनच किनाऱ्यालगत मासे धरायचे. नाव एकाच धडाची असावी, की दोन अरुंद धडे शेजारी ठेवून वर फळ्यांनी जोडलेली?

तुमच्यापैकी बहुतेकजण म्हणतील, ‘दोन धडांची. ती कलंडणार नाही.’ हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. माझे मत एका रुंद धडाच्या बाजूचे आहे.

नाव कलते तेव्हा कललेली बाजू पाण्यात अधिक बुडते, तेथे उद्धरणबल वाढते आणि नाव पुन्हा सरळ होते. या कामी रुंदीला फार महत्त्व आहे. लांबी तीच ठेवून रुंदी दुप्पट केली, तर आकारामुळे मिळणारा हा आधार दुप्पट नव्हे, आठपट होतो! धडे दूर दूर ठेवली की आधार आणखी वाढतो. आपल्या कोकणातील उलांडी याच तत्त्वावर चालते. अरुंद होडीच्या एका बाजूला थोड्या अंतरावर एक ओंडका तरंगत ठेवला की झाले. सकाळी जाऊन दुपारी परतणाऱ्यासाठी याहून स्वस्त आणि चांगली युक्ती मला माहीत नाही. (दोन धडांच्या नावेला ‘कॅटामरान’ म्हणतात, पण मूळ तमिळ ‘कट्टुमरम्’ म्हणजे नुसते एकत्र बांधलेले ओंडके.)

पण राहायचे म्हटले की ओझे आले. पिण्याचे पाणी, तांदूळ, इंधन, बर्फ, जाळी, नांगर. हे सारे मिळून एक टन धरा. आता हिशेब करू. एका धडाची नाव ८ मीटर लांब व २.५ मीटर रुंद आहे. टोके निमुळती असल्याने पाण्याच्या पातळीवर तिचे क्षेत्रफळ सुमारे १४ चौरस मीटर भरेल. एक टन चढवल्यावर ती सुमारे ७ सेंटिमीटर खाली जाईल. दुसऱ्या नावेची दोन्ही धडे तितकीच लांब, पण प्रत्येकी अर्धा मीटरच रुंद आहेत. दोहोंचे क्षेत्रफळ मिळून ५.६ चौरस मीटर. तोच एक टन तिला १७ सेंटिमीटर बुडवील. त्यावर टनभर मासळी मिळाली की आणखी १७! मधल्या फळ्या लाटांच्या जवळ येतात आणि रात्रभर खालून तडाखे बसतात. अशा नावेत झोपायचे कोणी?

शिवाय फार ताठ नाव लाटेसरशी झटक्याने उसळते. काठाशी उभे राहून जाळे ओढणाऱ्याला संथ डोलणे परवडते, झटका परवडत नाही. आणि दोन धडांची नाव एकदा पालथी झाली, की पालथी असतानाही ती तितकीच स्थिर असते!

मलेशियातील साबा प्रांतात, सेंपोर्ना परिसरात, सामा-बाजाऊ लोक पिढ्यान् पिढ्या कुटुंबांसह नावांवर राहत असत. त्यांची राहण्याची नाव ‘लेपा’. तिला उलांडी नसते. एकच धड, वर छप्पर. उलांडीच्या नावा त्या समुद्रांत कितीतरी चालतात, तरीही.

माझ्याविरुद्ध एक मुद्दा मात्र भक्कम आहे. मुंबईकडे उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत चार मीटरहून अधिक फरक पडतो; खाड्या उघड्या पडतात. दोन धडांची नाव चिखलात सरळ बसते. खोल कण्याची एकधडी नाव आडवी होते आणि चुलीवरचे भांडेही उलटते. म्हणून माझ्या नावेचा तळ रुंद व सपाटसर असावा. अशी नाव शिडावर वाऱ्याने बाजूला सरकते. इंजिन असेल तर ते चालवून घेता येईल. मासळी मात्र वर रचू नये, गुरुत्वमध्य वर जातो. ती खाली, आडव्या फळ्या घालून केलेल्या खणांत ठेवावी, म्हणजे नाव कलली तरी सगळी एका बाजूला घसरणार नाही.

माझ्यावर विश्वास ठेवू नका. पत्र्याचा एक रुंद डबा आणि काड्यांनी जोडलेले दोन अरुंद डबे परातीत तरंगवा. दोन्हींत सारखीच वाळू थोडी थोडी घालत जा आणि पाण्याची रेघ किती वर चढते ते पट्टीने मोजा. मग तीच वाळू डब्यांवर पुठ्ठा ठेवून त्यावर घाला आणि परात हलवा.