डिस्चार्जनंतर कोण?

गेल्या वर्षी दहावीतली एक मुलगी आठ दिवस शाळेत आली नाही. चिठ्ठीत लिहिलं होतं, ताप. खरी गोष्ट तिच्या मामीने मला दबक्या आवाजात सांगितली. दवाखान्याने जीव वाचवला आणि तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. निघताना सिस्टर एवढंच म्हणाली, "पोरीला समजवा." घरच्यांनी मोबाइल काढून घेतला, ताविज बांधला. अब्बा कुवेतला; त्यांना अजून ठाऊक नाही.

त्या सिस्टरला मी दोष देत नाही. हे काम तिला कोणी शिकवलंच नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात मनोविकार परिचारिका असते, पण ते पथक जिल्ह्याचं. पोलादपूरच्या वाडीतून अलिबागला जायचं तर दिवस मोडतो. सरकारी मनोरुग्णालय गाठायचं तर ठाणे, नाहीतर रत्नागिरी.

"नर्स काय करणार, डॉक्टर हवा," असं आपल्याकडचे शहाणे म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत अभ्यास केला, त्यात आपलं चेन्नईही होतं. प्रयत्नातून वाचलेल्यांशी तासभर नीट बोलायचं, मग दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा भेट. हे करणाऱ्यांत डॉक्टर होते तसे नर्सही. २००८ मध्ये निकाल आला: नेहमीच्या उपचारानंतर २.२ टक्के लोकांनी पुढे जीव दिला, पाठपुरावा झालेल्यांत ०.२ टक्के. औषध नवं नव्हतं. कोणीतरी पुन्हा पुन्हा विचारत होतं.

आम्हा शिक्षकांवर हे ढकलू नका. माझ्या बीएडच्या मानसशास्त्रात पियाजे होता, "सर, मला जगायचं नाही" म्हणणारं पोर नव्हतं.

आता आपल्या माणसांशी. खुदकुशी हराम आहे, हे त्या मुलीला माझ्याइतकंच पाठ आहे. मनाई सांगणाऱ्या आयतीतच अल्लाहच्या रहमतीचाही उल्लेख आहे. तो मिंबरवरून किती वेळा ऐकला? आणि पोलीस केसच्या भीतीने लपवता, तर २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा वाचा. प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, आणि त्याची देखभाल, उपचार, पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी ठरते. त्याच कायद्याप्रमाणे जनरल नर्सिंग केलेली नोंदणीकृत परिचारिकाही 'मानसिक आरोग्य परिचारिका' धरली जाते. म्हणजे माणसं तालुक्यातच आहेत. शिकवायचं आणि नेमायचं बाकी आहे.

तोवर १४४१६ हा टेली-मानसचा मोफत नंबर घरात लिहून ठेवा. महाड आणि पोलादपूरच्या सरकारी दवाखान्यांत अशी एकेक परिचारिका द्या, असा अर्ज मी लिहिलाय. येत्या जुम्याला नमाजनंतर जमातीसमोर ठेवतोय. सह्या लागतील, आयांच्याही.