डॅशबोर्डवर नसलेला काटा

तर झालं असं, की कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेआधी गर्दी टाळून आईला कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीला घेऊन गेलो होतो. दर्शन झालं, धबधब्यापाशी पाय भिजवून झाले आणि तेवढ्यात चुलतभावाचा फोन आला. "दादा, मांजरसुंब्याच्या घाटात ट्रॅक्टर बसलाय. येता का?"

मागे दोन ट्रॉल्या. त्यात ऊसतोडीला निघालेली टोळी, गाठोडी, भांडी, दोन शेळ्या आणि झोपलेली पोरं. दिवाळीनंतर बीडचे घाट असेच भरून वाहतात. ओढ गेलेली आणि धूर काळाकुट्ट, पण पाण्याचा काटा मात्र निवांत हिरव्यात. भाऊ पुन्हा पुन्हा तिकडेच बोट दाखवत होता. "बघा ना, गरम कुठं झालंय?"

आमच्या ऑफिसात असं होतं. सरासरी रिस्पॉन्स टाइमचा आलेख सरळ रेषेत असतो आणि तिकडे ग्राहक फोनवर ओरडत असतो. आपण मोजतोय तेच चुकीचं, हे कळायला वेळ लागतो.

इंजिनाचं पाणी हा सुस्त साक्षीदार आहे. एवढं लोखंड आणि एवढं पाणी तापायला मिनिटं लागतात, त्यात थर्मोस्टॅट ते जागेवर धरून ठेवतो. सिलिंडरमधून बाहेर पडणारा धूर मात्र काही सेकंदांत खरं सांगतो. साध्या चालीला तो तीन-चारशे अंश सेल्सिअस असतो, चढावर ओझं ओढताना सहाशेच्या पुढे जातो. टर्बोच्या आधी मोजलं तर साधारण 700 च्या वर फार वेळ राहू नये, असा जाणकारांचा ठोकताळा. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे आणि शुद्ध अ‍ॅल्युमिनियम वितळतं 660 ला! मग पिस्टन टिकतो कसा? तर प्रत्येक फेरीत आत येणारी ताजी हवा आणि खालून लागणारं तेल त्याला थंड ठेवतात. म्हणजे धूर 700 असला तरी धातू तेवढा तापत नाही. पण ही उसनवारी किती वेळ चालणार?

आता डिझेलची गंमत. डिझेल जास्त आणि हवा तेवढीच, की तापमान चढतं. आमच्या बंधूंनी सीझनआधी 'ओढ वाढावी' म्हणून पंप वाढवून घेतला होता. एअर फिल्टर वर्षभराच्या धुळीने भरलेला. वरून घाटात गिअर न बदलता कमी आरपीएमवर रेटायची सवय. तिन्ही गोष्टी एकाच दिशेच्या. टर्बो उघडला तेव्हा शाफ्ट घट्ट बसलेला, बेअरिंगमध्ये तेलाचा कोळसा. तापमानानेच गेला असं मी शपथेवर सांगणार नाही. चढ संपल्या संपल्या इंजिन बंद करायचीही त्याला सवय आहे, आणि त्यानेही तेल जळतंच.

टोळीने मुकादमाकडून उचल घेतलेली असते. फडावर पोचायला उशीर म्हणजे तेवढे दिवस कोयता बंद आणि उचल तशीच डोक्यावर. ट्रॅक्टरचा हप्ता वेगळा. रस्त्याकडेला तीन दगडांची चूल मांडून बायका भाकऱ्या थापत होत्या, आणि मी गाडीच्या एसीत बसून टर्बोवर वाचत होतो. असो.

माझं म्हणणं साधं आहे: जी टर्बो डिझेल गाडी ओझं ओढते, तिला धुराच्या तापमानाचा काटा हवाच. अमेरिकेत पिकअपमागे ट्रेलर ओढणारे हौशी लोक तो स्वखर्चाने लावून घेतात. आतलं तंत्र म्हणजे निकेलच्या मिश्रधातूंच्या दोन तारांचा के टाइप थर्मोकपल, अंशाला सुमारे 41 मायक्रोव्होल्ट. यात रॉकेट सायन्स काही नाही. आणि 2020 पासूनच्या बीएस-6 डिझेल गाड्यांत असे सेन्सर बसूनच येतात. आकडा कॉम्प्युटरला कळतो. चालवणाऱ्याला का दाखवत नाहीत? तो घाबरेल म्हणून? घाबरू दे की थोडा.

भाऊ म्हणाला, "दादा, आम्हाला कान आहेत. धूर दिसतो." दिसतो, दिवसा. रात्री दोन ट्रॉल्या मागे आणि टपावरचे स्पीकर फुल्ल असताना कुठला कान न् कुठला धूर? (त्या स्पीकरवर केलेल्या खर्चात काटा नक्की बसला असता. हे मी त्याला बोललो नाही.)

शेवटी टर्बो बदलताना काटा लावला. मिस्त्री मॅनिफोल्डला जागेवरच भोक पाडायला निघाला होता. लोखंडाचा कीस नव्या टर्बोत गेला असता, म्हणून आधी तो खोलायला लावला. टर्बोनंतर सायलेन्सरला लावणं सोपं, पण तिथे शंभर-दोनशे अंश कमी दिसतं आणि आपण उगाच निर्धास्त राहतो.

परवा रात्री अकराला त्याचा फोन. पाठीमागे गाणी नव्हती.

"दादा, घाट चढताना सहाशे ऐंशी झालतं. एक गिअर खाली टाकला, तर सहाशेवर आलं. बरोबर ना?"

"बरोबर. वर पोचलास की दोन मिनिटं चालू ठेव."

"चालूच हाय. चारशे... साडेतीनशे... थांबा, अजून उतरतंय."