यंदाची आषाढी शनिवारी, पण दिंडीला माणूस हवा मंगळवारी

नवे कॅलेंडर भिंतीवर लागले की आपल्या घरांत दोन तारखा आधी शोधल्या जातात: गणेश चतुर्थी कधी आणि आषाढी एकादशी कधी. यंदाची, म्हणजे 2026 ची आषाढी एकादशी शनिवारी, 25 जुलैला येते आहे. तोही महिन्याचा चौथा शनिवार. बँका बंद, कर्नाटकातली सरकारी कार्यालये बंद आणि दुसऱ्या दिवशी रविवार. ‘यंदा बरोबर जुळून आलं’ असे बेळगावात जो तो म्हणतो आहे. गाड्या ठरवणेही सुरू झाले आहे.

या आनंदात आम्हीही आहोत. पण गेल्या वर्षीचा अनुभव विसरता येत नाही. 2025 ची एकादशी 6 जुलैला, रविवारी होती. शनिवारी रात्री आमच्या दिंडीच्या तंबूत पाय ठेवायला जागा नव्हती. त्याच तंबूची कनात ओढायला आदल्या बुधवारी चार धडधाकट हात मिळाले नव्हते. सत्तरीच्या दोघा माळकऱ्यांनी खुंट्या ठोकल्या आणि स्वयंपाकाच्या चुलीपाशी तीन बायका दीडशे माणसांच्या भाकऱ्या थापत होत्या. सुट्टी आणि वारी यांचे गणित आपण कुठे चुकवतो आहोत, ते त्या दोन दिवसांत दिसले.

तारीख का सरकते?

मागच्या काही वर्षांच्या तारखा पाहा. 2023 ला 29 जून, 2024 ला 17 जुलै, 2025 ला 6 जुलै, यंदा 25 जुलै आणि पुढच्या वर्षी, 2027 ला, 14 जुलै. चांद्रवर्ष साधारण 354 दिवसांचे असल्याने तिथी दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे येते. अधिक महिना पडला की ती एकदम अठरा-एकोणीस दिवस पुढे जाते. यंदा अधिक ज्येष्ठ आला, म्हणून आषाढी थेट जुलैच्या शेवटच्या आठवड्यात गेली.

मधली तीन वर्षे आपल्याला योगायोगाने सुट्टी मिळत गेली. 2022 आणि 2023 मध्ये एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली, 2024 मध्ये एकादशीच्या दिवशी मोहरम होता. मुस्लिम सणांच्या चांद्रगणनेत अधिक महिना नसतो. त्यामुळे ते सण वर्षागणिक अलीकडे सरकतात आणि ही जुळणी तुटते. यंदा मोहरम जूनअखेरीस आहे आणि त्यानंतर कर्नाटकच्या सुट्ट्यांच्या यादीत थेट 15 ऑगस्ट. जुलै कोरा. आषाढी एकादशी कर्नाटकच्या सार्वत्रिक सुट्ट्यांत नाही आणि महाराष्ट्राच्या मुख्य यादीतही नाही. पलीकडे शाळांना त्या दिवशी सुट्टी मिळते, म्हणून आपल्याला तसे वाटते एवढेच.

एक दिवसाची सुट्टी आणि चौदा दिवसांची वाट

आषाढीला सुट्टी जाहीर व्हावी, ही मागणी अधूनमधून निघते. आमचा तिला विरोध नाही. पण तिने वारीचा प्रश्न सुटत नाही, हे समजून घेतले पाहिजे. बेळगावहून चिकोडी, अंकली, मिरज, सांगोला या वाटेने पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. रोज अठरा-वीस किलोमीटर चालले तर चौदा दिवस लागतात. आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर जायचे तर त्याहून अधिक. वारकऱ्याला एक सुट्टी नको असते, त्याला सलग दिवस हवे असतात.

आणि नेमके तेच कमी होत चालले आहेत. 2019 मध्ये कर्नाटक सरकारने चौथा शनिवार सुट्टीचा केला, तेव्हा त्याच्या बदल्यात किरकोळ रजा 15 वरून 10 वर आणली. सुट्ट्या वाढल्या, पण सुट्या सुट्या. माणसाने स्वतः ठरवून घ्यायचे दिवस घटले. खासगी कंपन्यांत तर रजेच्या मधे आलेला रविवारही अनेक ठिकाणी रजेत धरतात. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत रोजंदारीवर असलेल्या किंवा वडगाव-शहापूरला मागावर बसणाऱ्या माणसाला तर रजा हा शब्दच लागू नाही. त्याचा प्रत्येक दिवस म्हणजे खाडा.

शेतकऱ्याचे पंचांग वेगळे होते. मृगाची पेरणी आटोपली की वारीला निघायचे आणि परतल्यावर भांगलणीला लागायचे, अशी देशावरच्या शेतीशी आषाढीची सांगड होती. आपल्या खानापूर-बेळगावच्या भाताच्या पट्ट्यात ती तेव्हाही पूर्ण बसत नव्हती, कारण जुलै म्हणजे रोप लावणीचे दिवस. म्हणून इथली कित्येक घरे कार्तिकी किंवा माघीला जात. पूर्वजांनीही आपल्या कामाचा हिशेब करूनच वारी ठरवली होती, हे विसरू नये.

नियोजन म्हणजे भक्तीत उणेपणा नव्हे

‘माउली बोलावतील तेव्हा जाऊ, रजेचे हिशेब कसले करता?’ असे आमच्यातलेच काही ज्येष्ठ म्हणतात. त्यांच्या श्रद्धेला नमस्कार. पण आज दिसणारा माउलींचा पालखी सोहळा ज्यांनी बांधला, ते हैबतबाबा आरफळकर ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी चाकरीला होते. दिंड्यांचा क्रम, मुक्काम, शिस्त ही घडी त्यांनी बसवली. त्या कामी अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे आणि तंबू दिले. आजही माउलींचे अश्व आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून निघतात. सुमारे अकरा दिवस चालून आळंदी गाठतात आणि मग पालखीबरोबर पंढरीची वाट धरतात. म्हणजे सोहळ्याच्या आधी पंधरवडाभर आपल्याच जिल्ह्यात वेळापत्रक सुरू झालेले असते. ज्या परंपरेत घोड्याचे निघण्याचे दिवस ठरलेले आहेत, तिथे माणसाने आपल्या रजेचा अर्ज वेळेवर द्यावा, यात कमीपणा कसला?

यंदाचा हिशेब

11 जुलै हा दुसरा शनिवार, 25 जुलै चौथा. 11 ला प्रस्थान ठेवले तर दशमीला, शुक्रवार 24 जुलैला, पंढरपुरात पोहोचता येते. सरकारी नोकरदाराने 13 ते 24 अशी बारा दिवसांची अर्जित रजा घ्यावी. मधला 19 चा रविवार त्यात मोजला जाईल, पण आधीचे 11-12 आणि नंतरचे 25-26 हे दिवस रजेला जोडून घेता येतात. बारा दिवसांच्या रजेत सोळा दिवस हाती येतात. त्यासाठी अर्ज जूनच्या सुरुवातीलाच गेला पाहिजे. आदल्या आठवड्यात दिलेला अर्ज नाकारला गेला, तर त्याचा दोष साहेबाला देऊ नये.

ज्यांना बारा दिवस शक्य नाहीत, त्यांच्यासाठी आमची सूचना अशी. शनिवार-रविवारचे टप्पे पकडू नका, मधले पकडा. 13 ते 15, 16 ते 18 आणि 20 ते 22 जुलै अशा तीन-तीन दिवसांच्या तीन पाळ्या कराव्यात. प्रत्येक पाळीत दहा तरुण आणि चुलीपाशी उभे राहू शकणारे पाच जण, बाई असो की गडी. पहिल्या पाळीला बेळगावहून एसटी-बसने ये-जा करता येते. मिरजेच्या पुढे रेल्वे दिंडीच्या वाटेला धरून आहे. कवठेमहांकाळ, सांगोला ही स्थानके त्याच मार्गावर लागतात. तीन दिवसांची रजा बहुतेकांना मिळते. दिंडीला तेवढ्याने फार मोठा आधार होतो.

रोजंदारीवाल्यांसाठी दिंडीच्या वर्गणीतून वेगळी रक्कम काढावी, असेही आम्हाला वाटते. जे गाडी करून एकादशीला जाणार आहेत, त्यांनी त्या गाडीभाड्यातला थोडा वाटा इकडे द्यावा. कुणाचा तीन दिवसांचा खाडा भरून निघाला, तर तीही वारीच आहे.

आणि आषाढी अजिबात जमत नसेल तर कार्तिकीचा विचार करा. बलिप्रतिपदेपासून एकादशीपर्यंत साधारण दहा दिवस असतात. यंदा पाडवा मंगळवारी, 10 नोव्हेंबरला आणि कार्तिकी शुक्रवारी, 20 नोव्हेंबरला. पाऊस सरलेला असतो, वाट कोरडी असते. अडचण एकच: आपल्याकडे शाळांची मोठी सुट्टी दसऱ्याला असते, कोल्हापूर-सांगलीकडे दिवाळीला. त्यामुळे तिकडची मामेभावंडे मोकळी आणि आपली मुले वर्गात. एवढे धरूनच मुलांचे ठरवावे.

खरा प्रश्न

शनिवारची एकादशी म्हणजे यंदा पंढरपुरात गर्दी वाढणार, दर्शनाची रांग लांबणार. गाडीने जाऊन, कळसाला हात जोडून रविवारी रात्री परतणाऱ्यांना आम्ही कमी लेखत नाही. पण तेवढेच सगळे करू लागले, तर दिंडी उरणार नाही. वारी या शब्दातच पुन्हा पुन्हा जाण्याचा नेम आहे. सुट्टी जुळली तर जाणे हा नेम नव्हे. सुट्टी जुळवून जाणे हा नेम.

सीमाभागात मराठी टिकवण्याविषयी आपण सभांतून पुष्कळ बोलतो. दिंडीत चौदा दिवस अभंग पाठ होतात, पोरांच्या तोंडी टाळाच्या ठेक्यावर भाषा बसते, चिकोडीच्या कन्नड घरात मराठी वारकऱ्याला जेवायला बसवले जाते. हे काम कोणत्याही ठरावाने होत नाही. ते चालणाऱ्या माणसांनी होते. आज वीणा ज्यांच्या गळ्यात आहे, त्यांना आणखी किती वर्षे चालवेल? त्यांच्याकडून ती घ्यायला, निदान तीन दिवस शेजारी चालायला, कुणीतरी हवे.

म्हणून आमची विनंती एवढीच. कॅलेंडरवर 25 जुलैला खूण केली असेल, तर ती राहू द्या. तिच्या शेजारी एखाद्या मंगळवारीही खूण करा: 14 जुलै, नाहीतर 21 जुलै. आणि पुढच्या वर्षीची एकादशी बुधवारी, 14 जुलै 2027 ला आहे, हेही आत्ताच लिहून ठेवा. तेव्हा शनिवार मदतीला येणार नाही.