समजूतदार ताईचं काय?

एडीएचडी असलेल्या मुलाचे पालक पालकसभेला आले की हमखास म्हणतात, "बाई, अभ्यासाचं जाऊ द्या, घरातली भांडणंच थांबत नाहीत." याने ताईच्या कंपासमधलं कर्कटक उचललं, तिने हिसकावलं, याने मारलं. मग आई येते, दोघांवर ओरडते आणि शेवटी ताईलाच सांगते, "तू समजूतदार आहेस ना, सोडून दे."

माझ्या मते खरी गडबड इथेच होते. 'न विचारता घ्यायचं नाही' हा नियम त्या मुलाला पाठ असतो. पण हात पुढे जाण्याआधी थांबणं, हेच त्याला कठीण जातं. त्यामुळे रागाच्या भरात दिलेलं व्याख्यान वाया जातं. आधी दोघांना लांब करा. घरात एकच खोली असेल तर एकाला गॅलरीत बसवा. शांत झाल्यावर एकेकाशी बोला, तेही दोन वाक्यांत. त्याने विचारून वस्तू मागितली की त्याच क्षणी शाबासकी द्या; रविवारचं बक्षीस त्याच्यासाठी फार लांब असतं.

आणि ताई? तिला एडीएचडी नाही म्हणून तिने सगळं सोसायचं, हा कुठला न्याय? (त्यात ती मुलगी, मग तर विचारायलाच नको.) कर्कटक मोडलं तर त्याने स्वतःच्या खाऊच्या पैशांतून नवं आणावं. रोज पंधरा मिनिटं आई किंवा बाबा फक्त तिचे असावेत. तिला एक कप्पा द्या, कुलपासकट. "सख्ख्या भावंडांत कुलूप कशाला?" असं आजी म्हणेल. म्हणू द्या.