समूहगानाचा संस्कार

वार्षिक स्नेहसंमेलन, प्रजासत्ताक दिन आणि शिवजयंती यांमुळे शाळांचे दुसरे सत्र गजबजलेले असते. या प्रत्येक प्रसंगी कार्यक्रमपत्रिकेत समूहगान असतेच. मात्र अलीकडे अनेक ठिकाणी ध्वनिमुद्रित गाणे मोठ्याने वाजते, मुले त्यावर ओठ हलवितात आणि त्यालाच समूहगान म्हटले जाते. ही पळवाट सोयीची खरी. पण तिच्यापायी एक मोलाचा संस्कार आपल्या हातून निसटत आहे, याची खंत फारशी कोणाला वाटताना दिसत नाही.

वास्तविक आपल्या राष्ट्रजागरणाचा इतिहास सुरांनी भारलेला आहे. १९०१ साली लाहोरात गांधर्व महाविद्यालय स्थापणाऱ्या पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९२३च्या काकीनाडा अधिवेशनात अध्यक्षांचा आक्षेप झुगारून 'वंदे मातरम्' पूर्ण केले. संघाची संस्कृत प्रार्थना १९४० साली पुण्याच्या संघ शिक्षा वर्गात यादवराव जोशी यांच्या सुरेल कंठातून प्रथम उमटली. संगीतकार वसंत देसाई यांनी 'एक सूर, एक ताल' या उपक्रमातून शाळकरी मुलांना मोठ्या संख्येने एकत्र गायला शिकविले. त्यांच्या 'दो आंखें बारह हाथ' (१९५७) आणि 'गुड्डी' (१९७१) या चित्रपटांतील प्रार्थना देशभरच्या शाळांनी आपल्या मानल्या. भारत विकास परिषदेची राष्ट्रीय समूहगान स्पर्धा १९६७ पासून चालत आली आहे. एकत्र गाणे हे एकत्र राहण्याचे शिक्षण आहे, हे या साऱ्यांनी ओळखले होते.

आता प्रश्न येतो तो भोर आणि वेल्हे, म्हणजेच आताचा राजगड, यांसारख्या डोंगरी तालुक्यांचा. रायरेश्वर, रोहिडा, राजगड आणि तोरणा यांच्या कुशीतल्या लहान शाळांत एक-दोन शिक्षकच सर्व वर्ग सांभाळतात. तेथे संगीतशिक्षक कोठून आणावा? शिक्षणहक्क कायद्यानुसार कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक मिळतो तो सहावी ते आठवीची पटसंख्या शंभराहून अधिक असेल तरच. वाड्यावस्त्यांवरच्या शाळांनी हा आकडा गाठायचा कसा?

याचे उत्तर गावातच आहे. मावळातल्या गावोगावी भजनी मंडळे आहेत. हरिनाम सप्ताहात पेटीवर बसणारे बुवा, पखवाजावर हात चालविणारा तरुण आणि एका ठेक्यात टाळ धरणारे वारकरी हे आपले अनौपचारिक संगीत विद्यालयच होय. स्थानिक कलावंतांना शाळेत अध्यापनासाठी निमंत्रित करावे, असे २०२०चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही सुचविते. मुख्याध्यापकांनी बुवांना आठवड्यातून दोन तास सन्मानाने शाळेत बोलावले, तर मुलांना सूर मिळेल आणि गावाला शाळा आपली वाटेल.

पूर्वतयारीची काही पथ्ये मात्र पाळावी लागतात. पहिले पथ्य पट्टीचे. शिकविणारा पुरुष स्वतःच्या गळ्याच्या सोयीने काळी एकमध्ये गाणे सुरू करतो. बहुतेक मुलांचा गळा काळी चार-पाचच्या आसपास रमतो. खालच्या पट्टीत ती पुटपुटतात आणि त्यांनी एकदम वरचा स्वर धरला की किंचाळतात. दोष मात्र मुलांना दिला जातो. दुसरे पथ्य अर्थाचे. शब्दांचा अर्थ न सांगता पाठ करून घेतलेले गीत निर्जीव होते, उच्चारही बिघडतात. तिसरे पथ्य श्वासाचे. ओळीत कोठे थांबायचे हे सर्वांचे एकच ठरले पाहिजे. चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे पथ्य ऐकण्याचे. शेजाऱ्याचा आवाज आपल्याला ऐकू येत नसेल, तर आपण फार मोठ्याने गात आहोत, एवढे मुलाला उमगले तरी निम्मे काम झाले.

येथे एका अन्यायाचा उल्लेख केलाच पाहिजे. "तुला सूर नाही, तू नुसते ओठ हलव", असे वाक्य कोवळ्या वयात कानावर पडलेली माणसे पुढे जन्मभर गात नाहीत. स्पर्धेतील ढालीसाठी एका मुलाचा आवाज कायमचा मिटविण्याचा अधिकार कोणालाही नाही. अशा मुलाला सुरेल मित्राशेजारी उभे करावे. महिन्या-दोन महिन्यांत बहुधा त्याचा कान तयार होतो. सर्वांना सामावून घेणे हेच समूहगानाचे मर्म आहे. ज्या गायनात दुर्बल स्वराला जागा नाही, त्याने समरसतेच्या गोष्टी सांगू नयेत.

गाण्याइतकाच सभेचा शिष्टाचारही शिकवावा लागतो. रांगेने व्यासपीठावर येणे, गणवेशाशी चाळा न करता स्थिर उभे राहणे, सूचकाकडे लक्ष ठेवणे आणि नमस्कार करून शांतपणे उतरणे हे सरावाने जमते. श्रोत्यांनीही गीत चालू असताना उठू नये, बोलू नये, प्रार्थनेला टाळ्यांचा ठेका धरू नये. राष्ट्रगीत संपल्यावर क्षणभर स्तब्ध राहावे.

पण मुले उपदेशापेक्षा अनुकरणाने शिकतात, आणि तेथेच आपण वडीलधारे कमी पडतो. पाहुणे तासभर उशिरा येतात, तोवर मुले उन्हात बसतात. मुले जीव ओतून गात असताना व्यासपीठावर कुजबूज चालते, हारतुरे फिरतात. पालक भ्रमणध्वनी उंचावून पुढे येतात आणि मागच्यांना मुले दिसेनाशी होतात. आपल्या विचारांच्या संस्थांचे कार्यक्रमही याला अपवाद नाहीत. कीर्तनात बुवा उभे राहिले की गाव शांत होतो. तीच मर्यादा शाळेच्या मांडवात पाळणे अवघड का व्हावे?

भोरहून मांढरदेवचा घाट उतरला की वाई तालुका लागतो. राजा बढे यांचे शब्द श्रीनिवास खळे यांच्या चालीवर गाऊन घराघरात पोहोचविणारे शाहीर साबळे त्याच तालुक्यातील पसरणीचे. ते गीत १९ फेब्रुवारी २०२३ पासून आपले राज्यगीत झाले. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी 'वंदे मातरम्'च्या सार्धशताब्दी वर्षाचा प्रारंभ झाला. ही गीते ध्वनिमुद्रिकेतून वाजवून आपले कर्तव्य संपत नाही. प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या परिसरातील एक शाळा आणि एक भजनी मंडळ यांची गाठ घालून द्यावी. चाळीस मुले एका स्वरात गाऊ लागली, की समाज एका स्वरात येण्याचा पाठ त्यांना वेगळा शिकवावा लागणार नाही.