वादळाची चौथी सूचना

फुलंब्रीहून पश्चिमेचा समुद्र हवाई अंतरानं पावणेतीनशे ते तीनशे किलोमीटर लांब. पूर्वेचा तर सातशेच्याही पुढं. आमच्या तालुक्यात अशी कितीतरी म्हातारी माणसं आहेत, ज्यांनी जन्मात समुद्र पाहिलेला नाही. पण उभ्या मक्यात गुडघाभर पाणी साचवणारा, अद्रकाच्या सरीत सड पेरून जाणारा हस्ताचा पाऊस, म्हणजे आमच्या बोलीतला हत्तीचा पाऊस, पुष्कळदा त्याच न पाहिलेल्या समुद्रातून निघालेला असतो.

2021 सालची गोष्ट आठवा. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बंगालच्या उपसागरात वादळ उठलं. पाकिस्ताननं सुचवलेलं ‘गुलाब’ हे नाव त्याला मिळालं. 26 सप्टेंबरला संध्याकाळी ते आंध्रात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर चढलं. तोवर टीव्हीवर नकाशे फिरत होते. वादळ जमिनीवर आलं, वाऱ्याचा जोर ओसरला आणि बातमी मागं पडली. पाणी मात्र पुढं सरकतच होतं. 28 तारखेला मांजरा धरणाचे सगळे 18 दरवाजे उघडावे लागले. त्याच दिवशी उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर एसटीची बस पुलावरून वाहून गेली आणि माणसं गेली. मग तेच उरलंसुरलं वादळ अरबी समुद्रात उतरलं, पुन्हा तापलं, ‘शाहीन’ झालं आणि 3 ऑक्टोबरला ओमानच्या किनाऱ्यावर जाऊन आदळलं.

पूर्वेच्या समुद्रात त्याला एक नाव होतं, पश्चिमेच्या समुद्रात दुसरं. मधल्या जमिनीवर, जिथं आपण पेरतो आणि राहतो, तिथं ते बिननावाचं होतं.

यात हवामान खात्याची चूक नाही. वाऱ्याचा वेग ताशी 62 किलोमीटरच्या वर गेला की नाव द्यायचं, असा नियम आहे. जमिनीवर आल्यावर वादळाचं खाद्य, म्हणजे खालचा गरम समुद्र, तुटतं आणि वारा पडतो. ढगांतलं पाणी मात्र लगेच संपत नाही. पावसाळ्याच्या दिवसांत त्याला वाटेत ओली हवा मिळत राहते आणि म्हैसमाळसारखा डोंगर आडवा आला की ती वर ढकलली जाऊन कोसळते. किनाऱ्याला भीती वाऱ्याची आणि लाटेची. आपल्याला भीती पाण्याची, आणि ती मोजणारा आकडा वादळाच्या नावात कुठंच नसतो.

2025 च्या सप्टेंबरात तर नाव पडण्याइतकाही वारा नव्हता. 27 तारखेला दक्षिण ओडिशाचा किनारा ओलांडून आलेलं ते नुसतं तीव्र कमी दाबाचं क्षेत्र. मराठवाडा आधीच महिनाभर भिजलेला, जमिनीनं पाणी पिणं सोडलेलं. 28 तारखेला जायकवाडीतून गोदावरीत सुमारे तीन लाख क्युसेक पाणी सोडलं गेलं आणि पैठणच्या सखल वस्त्यांतली माणसं हलवावी लागली. पुढं 7 ऑक्टोबरला सरकारनं 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी 47 हजार रोख आणि मनरेगातून तीन लाखांपर्यंत काम, असं त्यात होतं. मदत हवीच होती, आणि ज्यांनी ती मागितली त्यांचा मी कायम ऋणी राहीन. पण जी माती पिढ्यांनी गाळ टाकून, शेणखत ओढून केली, ती एका रात्रीत नाल्याला गेल्यावर हेक्टरी दरानं परत येत नाही. मला आज बोलायचंय ते त्या रात्रीच्या आदल्या दिवसाबद्दल.

वादळाच्या सूचना चार टप्प्यांत निघतात. पहिल्या तीन किनाऱ्यासाठी असतात: लक्ष ठेवा, सावध व्हा, आता धोका आहे. चौथी मात्र आपल्यासाठी असते. वादळ किनाऱ्यावर येण्याच्या किमान 12 तास आधी ती काढायची असते. जमिनीवर आल्यावर ते कुठल्या दिशेनं जाईल आणि आतल्या भागात काय वाढून ठेवलंय, हे तिच्यात लिहिलेलं असतं. आपल्या किती लोकांना हे ठाऊक आहे? मलाही फार उशिरा कळलं. गुलाब किनाऱ्यावर आल्यापासून मराठवाड्यात पाणी चढेपर्यंत दीड-दोन दिवस होते. तेवढ्यात नाल्याकाठची जनावरं हलतात, सोंगलेली मका उचलून पत्र्याखाली जाते, वावरातली विहिरीवरची मोटार वर काढता येते.

ओडिशानं हे करून दाखवलं आहे. 1999 च्या महावादळात तिथं दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. 2019 ला ‘फानी’ आलं तेव्हा दहा लाखांहून जास्त लोक आधीच हलवले गेले आणि मृत्यू काही डझनांवर थांबले. वारा तेव्हाही भयंकर होता. फरक पडला तो सूचना शेवटच्या घरापर्यंत, त्या घराच्या भाषेत गेल्यामुळे.

आपल्या फोनवर काय येतं? ‘जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मुसळधार पावसाची शक्यता.’ पैठणही त्याच जिल्ह्यात, सोयगावही त्याच जिल्ह्यात. वडोद बाजारच्या शेतकऱ्यानं त्यातून काय समजावं? त्याला कळायला हवं ते गिरिजेबद्दल. गिरिजा म्हैसमाळच्या डोंगरातून येते, येसगावच्या धरणावरून खाली उतरते आणि पुढं पूर्णेला मिळते. पाऊस खुलताबाद तालुक्यात पडतो, पूर आमच्याकडं येतो. ‘येसगावचा सांडवा सुरू झाला, काठावरची जनावरं सोडा’, एवढं एक वाक्य वेळेवर गावागावांत पोचलं तर जिल्हाभराच्या दहा इशाऱ्यांपेक्षा ते मोलाचं.

मोजमापाचं दुखणंही इथलंच. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी. फुलंब्री, आळंद, पीरबावडा, वडोद बाजार, एकेका मंडळात कितीतरी गावं. ढग एका शिवारावर फुटतो, यंत्र दुसऱ्या शिवारात असतं. ‘महावेध’ची दोन हजारांहून जास्त हवामान केंद्रं राज्यात मंडळनिहाय बसली, ते चांगलंच झालं. आता केंद्र सरकारच्या योजनेत ग्रामपंचायतीगणिक पर्जन्यमापक बसवायचं आहे. माझं म्हणणं इतकंच, की डोंगराच्या कुशीतल्या आणि नदीकाठच्या गावांपासून सुरुवात करा. सततच्या पावसाला 2023 साली राज्यानं आपत्ती मानलं, कारण शेतकरी बोलत राहिले. हेही बोलत राहावं लागेल.

मृग तोंडावर आलाय. तालुक्या-तालुक्यांत मान्सूनपूर्व बैठका होतील. आपल्या सरपंचानं तिथं चौथ्या सूचनेबद्दल विचारावं: ती आली तर कुणाच्या फोनवर येते, आणि तिथून गावात किती तासांत?

तोवर एक काम घरी करता येईल. सरळ उभ्या काठाचा, सपाट बुडाचा डबा घ्या. हवामान खात्याची मोजणी सकाळी साडेआठला होते, तुम्हीही त्याच वेळी पट्टी घालून पाणी मोजा आणि वहीत लिहा. एक सेंटिमीटर म्हणजे 10 मिलिमीटर. शाळेतल्या पोरांना हे काम द्या, ती विसरत नाहीत. सरकारी दफ्तरात त्या वहीला मोल नसेल, पण तलाठी पंचनाम्याला येईल तेव्हा गावाकडं स्वतःचा आकडा असेल. डबा वळचणीखाली किंवा झाडाजवळ ठेवू नका, आणि मोजून झालं की रोज पालथा करा.

– गिरिजाकाठकर