खांदेरीचा दीप

घाटनांदूरच्या स्थानकावर उतरून अंबाजोगाईची वाट धरणाऱ्या यात्रेकरूंत कोकणातील कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या दिसत आली आहेत. समुद्रकाठची ही मंडळी सह्याद्री ओलांडून बालाघाटाच्या पठारावर आपल्या कुलस्वामिनीस, योगेश्वरीस, भेटावयास येतात आणि ओटी भरून परततात. उलट दिशेने जाणारा प्रवासी मात्र क्वचित. बीड जिल्ह्यातील माणसाने दीपमाळ पाहिलेली असते, दीपगृह पाहिलेले नसते. आमच्या तळ्यांवर गलबते चालत नाहीत. तेव्हा त्यांच्या काठी दीपगृह कोण बांधणार? दीपमाळ उजळते ती देवासाठी, गावच्या उत्सवापुरती. दीपगृह जळते ते कधीही न भेटणाऱ्या परक्या नावाड्यासाठी, आणि तेही रोज रात्री. हा भेद ज्यास डोळ्यांनी पाहावयाचा असेल त्याने अलिबागजवळच्या खांदेरीस जावे, असे आम्ही सुचवितो. त्याच्या जाण्याची सोय नीट व्हावी म्हणून सरकारलाही चार शब्द सांगणे आम्हांस प्राप्त आहे.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले, त्यांत खांदेरी आहे. हा मान तिला साजेसाच आहे. १६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मायनाक भंडारी थोडी माणसे घेऊन या बेटावर उतरला आणि शिवाजी महाराजांच्या आज्ञेने तटाचे काम सुरू झाले. मुंबई बंदराच्या तोंडाशी हे काय चालले आहे, हे इंग्रजांस उमगावयास वेळ लागला नाही. त्यांनी बेटाभोवती गलबते उभी केली. सप्टेंबरात बेटावर उतरण्याचा त्यांचा प्रयत्न त्यांच्याच अधिकाऱ्याच्या प्राणावर बेतला. १८ ऑक्टोबरास दौलतखानाच्या आरमाराने त्यांच्या ताफ्यावर चाल केली आणि ‘डव्ह’ हे गलबत मराठ्यांच्या हाती पडले. त्या दिवशी ‘रिव्हेंज’ने चिवटपणे टिकाव धरला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण बेट काही इंग्रजांस मिळाले नाही. १६८० उजाडल्यावर त्यांनी नाद सोडला. शेजारची उंदेरी सिद्दीने बळकावली, आणि पुढे ही दोन बेटे परस्परांवर तोफा रोखून बसली. १७१८ मध्ये गव्हर्नर बूनने कान्होजी आंग्र्यांच्या ताब्यातील खांदेरीवर पुन्हा आरमार पाठविले. तेही हात हलवीत परतले.

पेशवाई बुडाली तेव्हा, १८१८ मध्ये, जे शस्त्राने साधले नव्हते ते पदरात पडले. आणि ज्या बेटावर पाय ठेवण्यासाठी इंग्रजांनी माणसे गमावली, त्याच बेटावर १८६७ मध्ये त्यांनी दिवा लावला. अमेरिकेतील यादवीने मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आणले ते हे दशक. दक्षिणेकडून बंदरात शिरणाऱ्या जहाजांस वाट दाखविणारी ज्योत हवी होती, आणि मराठ्यांनी हेरलेली जागाच त्यासाठी सर्वांत सोयीची ठरली. सुमारे २५ मीटर उंचीचा अष्टकोनी मनोरा तटाच्या आत उभा राहिला. दीपगृहाची युक्ती तशी साधी. दिव्याभोवती काचेच्या लोलकांची वर्तुळे अशी रचावयाची की चहूंकडे विखुरणारा प्रकाश एकवटून क्षितिजाकडे जावा. प्रत्येक दीपगृहाच्या उघडझापीची लय निराळी ठेवावयाची, म्हणजे अंधारात नावाडी म्हणेल, ही खांदेरी, दुसरी कोणी नव्हे.

आता किल्ल्याचा गौरव झाल्यावर, हा मनोरा परक्यांचा, शिवकालीन चित्रात बसत नाही, असा विचार कोणाच्या मनात डोकावला तर आम्हांस नवल वाटणार नाही. तो वेळीच बाजूस सारावा. चाकांच्या गाड्यांवर आजही बसलेल्या तोफा, आघात करताच धातूप्रमाणे निनादणारा खडक, कोळीबांधवांचा वेताळ आणि हे दीपगृह, या साऱ्यांची मिळून खांदेरी होते. बेटास पुढे कान्होजी आंग्र्यांचे नाव दिले गेले, आणि दिवाही त्याच नावाने ओळखला जातो. इतिहासाने काढलेला हा चिमटा आम्हांस तर आवडतो.

तळ्याकाठच्या दीपगृहाचा उल्लेख वर आला, त्यावरून अमेरिकेतील सुपीरिअर सरोवराच्या कड्यावरील स्प्लिट रॉकचे दीपगृह आठवते. १९०५ च्या वादळात तेथे अनेक जहाजांची वाताहत झाल्यावर ते बांधले गेले व १९१० मध्ये प्रज्वलित झाले. १९६९ मध्ये त्याचे काम संपले. पण मिनेसोटातील इतिहाससंस्थेने मनोरा व रक्षकांची घरे १९२० च्या दशकात जशी होती तशी राखली आहेत, आणि प्रवासी ती पाहतात. १९७५ मध्ये त्याच सरोवरात २९ जणांसह बुडालेल्या जहाजाच्या स्मरणार्थ दरवर्षी १० नोव्हेंबरास तो दिवा पुन्हा लावला जातो.

आमच्याकडे कायद्याची उणीव नाही. १९२७ च्या दीपगृह कायद्याची जागा २०२१ मध्ये नव्या कायद्याने घेतली, त्यात वारसा म्हणून दीपगृहे जपण्याची तरतूद आहे. अडचण येते ती हात अनेक असल्याने. किल्ला राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे, दीपगृहांचा विषय केंद्राचा, आणि बेटाशी मुंबई बंदराचा जुना संबंध. तिघांनी एकत्र बसून एक अधिकारी जबाबदार ठरवावा. बोट कोठून मिळेल, परवानगी लागते काय, मनोऱ्यावर चढता येते काय, एवढ्या प्रश्नांची उत्तरे प्रवाशास एका ठिकाणी मिळावीत. उतरण्याचा धक्का म्हाताऱ्यांस व मुलांस निर्धास्त व्हावा. उपाहारगृहांची व निवासांची घाई मात्र नको. दिवसाला किती माणसे बेटावर यावीत हे आधी ठरू द्या. थळच्या कोळ्यांची बोट हा बेटाकडे जाण्याचा जुना मार्ग आहे. प्रवाशांची वाहतूक वाढली तर तिचा पहिला लाभ त्यांनाच मिळाला पाहिजे, मुंबईच्या ठेकेदारास नव्हे.

ज्यांस यंदाच जावयाचे आहे त्यांनी दिवाळीनंतर निघावे. पावसाळ्यात त्या समुद्रात जाण्याचे कारण नाही. अलिबागेहून थळ जवळ आहे. भरतीओहोटीची वेळ आदल्या दिवशी तेथील नाखव्यास विचारून घ्यावी, पिण्याचे पाणी बरोबर न्यावे, आणि परतीची घाई नसेल तर किनाऱ्यावर अंधार पडेपर्यंत थांबावे. दिवा तेथूनही दिसतो.